बुगडीला पाणी घालू नका

आमच्या घरात कुणी काही न करता नुसतं बसलंय, असं लहानपणचं एकही चित्र मला आठवत नाही. आई भाकरी थापताना पायानं पाळणा हलवायची. पुढे मी मोठी झाले, पाळणा माळ्यावर गेला, तरी भाकरी थापताना तिचा पाय हलतच राहिला. माझे वडील, म्हणजे आप्पा, सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, अभिषेकाला जायचे. येताना वाटेत कुणाच्या उसाला तांबेरा पडलाय, कुणाचा बांध फुटलाय, हे बघत बघत यायचे आणि न सांगता दुरुस्तही करून टाकायचे. धाकटे चुलते तात्या शिरोलीला एका कारखान्यात लेथवर होते. पाळी करून घरी आले की माणसानं आडवं व्हावं. हे गोठ्यातल्या कडबा कापायच्या चापकटरचे नट आवळत बसायचे. त्या घरातल्या सकाळचा आवाज कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, घागरीच्या तोंडाला बांधलेल्या दुहेरी फडक्यातून गळणाऱ्या पाण्याचा. पाणी गाळून झालं की आई ते फडकं उलटं करून, त्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा विहिरीत सोडायची. न दिसणाऱ्या जिवांची जिथे एवढी काळजी, तिथे दिसणाऱ्यांचं काय होत असेल, ते पाहुण्यांना विचारा.

पाहुणा आमच्याकडून चालत गेला तर आईला वाटायचं, काहीतरी कमी पडलं. त्यानं पोटावर हात ठेवून, भिंतीचा आधार घेत उठायला हवं. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली दाट खीर, हे तिच्या भात्यातलं पहिलं शस्त्र. वर तूप. नको म्हणणाऱ्याला आणखी तूप. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून वाढण्याचा वेगही जबरदस्त. या सवयीचा बायोडेटा मी आधीच का देतेय, ते पुढे कळेल. कारण आमच्या बुगडीवर जे संकट आलं, ते गुरांमुळे, वणव्यामुळे किंवा डोझरमुळे आलं नाही. ते आमच्या पाहुणचारामुळे आलं.

बुगडी हे झुडपाचं आमच्या घरातलं नाव. कोल्हापूर ते कागलच्या पट्ट्यात आमचा एक खडकाळ माळ आहे. करवंद, निवडुंग, कुसळी गवत, आणि माती म्हणाल तर टेबलावर धूळ साचते तेवढी. त्याच्या वरच्या अंगाला हे झुडूप. उन्हाळ्यात पानं झडून ते नुसतं वाळकं सरपण दिसतं. पावसाळ्यात पानं येतात आणि दिवाळीच्या सुमारास खाली मान घातलेली पिवळी फुलं लोंबतात, आत तांबड्या रेघा. कानाच्या वरच्या पाळीत बायका घालतात त्या बुगडीसारखी. लहानपणी मी ती कानावर अडकवून फिरायची. त्याचं शास्त्रीय नाव मला येतं, पण इथे लिहीत नाही. माळाचा पत्ताही सांगत नाही. हल्ली कुठे काही दुर्मीळ फुललं की मोबाईल उंचावलेली जत्रा पोचते आणि फुलासकट गवतही बसून बसून सपाट करते. माझी स्वतःची मुलं म्हणतात, "मम्मी, एवढं काय सिक्रेट?" त्यांना काय माहीत, आम्ही चौघांनी मिळूनच ते झाड जवळजवळ मारलं होतं, जत्रेची काय कथा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बॉटनीच्या मॅडमनी एक रंगीत चित्र वर्गात फिरवलं. म्हणाल्या, "हे झुडूप जगात फार थोड्या जागी उरलंय. आपल्या भागातून बहुधा संपलंच." चित्र माझ्या बाकावर आलं आणि मी ताडकन उभी राहिले. "मॅडम, ही तर आमची बुगडी! आमच्या माळावर हाय की!"

वर्गात हशा. मागून कुणीतरी विचारलं, "वाघ पण हाय काय गं तुमच्या माळावर?"

"उद्या बघून सांगतो," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही स्वतःला येतो, जातो, सांगतो असंच म्हणतात. मॅडम नाशिककडच्या, त्यांना ते ऐकून दर वेळी दचकायला व्हायचं. पण त्या दिवशी त्या दचकल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "येत्या रविवारी येऊ?"

रविवारी एसटीनं मॅडम आल्या. आधी झाड बघू म्हणाल्या. आईनं त्यांचा हात धरून पाटावर बसवलं. "झाड काय पळून जात न्हाई. ते हितंच हाय माझ्या लग्नाच्या आधीपासनं. थोडं वाढतो." ते थोडं मॅडम अजून विसरलेल्या नाहीत. माळ चढताना त्या दोनदा खडकावर टेकल्या; चढामुळे नव्हे, हुग्गीमुळे. पण बुगडीपाशी पोचल्यावर मात्र गुडघ्यांवर बसल्या, पानं हातात घेऊन बघितली, चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुन्हा घातलाच नाही.

मग सांगितलं ते असं. हे झाड म्हातारं आहे. आजूबाजूला त्याचं एकही रोप नाही. गुरं कोवळा पाला खातात, आणि उन्हाळ्यात गवत जाळतो तेव्हा उरलीसुरली रोपं जातात. हे खडकाच्या फटीत आहे म्हणून वाचलं. यंदा याला फूल आलं, बी धरलं, तर त्या बियांपासून रोपं करून ती इथेच याच्या घरी लावता येतील. "तोपर्यंत तुम्ही एकच करायचं. काही करायचं नाही."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काही म्हंजे... आळं तरी करू की जरा."

"नाही."

"मूठभर शेणखत?"

"अजिबात नाही."

"आणि पाणी?"

"पावसाचं पडेल तेवढंच. आप्पा, हे खडकातलं झाड आहे. याच्या मुळांना साचलेली ओल सोसत नाही. याला उपाशी राहायची सवय आहे, तसंच राहू द्या."

डॉक्टरनं गूळ बंद करायला सांगितल्यावर माणूस जशी मान हलवतो, तशी आप्पांनी हलवली.

आता यात तात्यांचं काय, ते सांगायला हवं. त्याच वर्षी आमच्या भागात नदीतून उपसून आणलेलं लिफ्टचं पाणी आलं होतं. ज्यानं त्यानं माळ फोडून सपाट केले, ऊस लावला. तात्यांनी आमच्या माळासाठीही डोझरवाल्याला दिवाळीनंतरचं सांगून ठेवलं होतं. मॅडम गेल्या त्या संध्याकाळी ते ताटावरच आप्पांवर घसरले. "सगळ्या गावाचं माळ फुटलं. आपुनच तेवढं कुसळं राखत बसायचं व्हय? एका काटकीपायी?"

आप्पांनी घास पुरा केला. "दिवाळीपतोर थांबायचं. झाडानं फूल धरलं, बी धरलं, तर माळाचा वरचा तुकडा तसाच राखायचा. न्हाई धरलं, तर घाल तुझा डोझर. मी आडवा येत न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

जेवणं उजेडात व्हायची, त्यामुळे आमच्याकडची भांडणंही उजेडातच मिटायची. मिटलं खरं, पण माझ्यासाठी नाही. बुगडीचा जीव आता येणाऱ्या दिवाळीच्या एका फुलावर लटकला होता, आणि ही सगळी उठाठेव माझ्या वर्गातल्या फुशारकीनं सुरू झाली होती. मॅडमनी रोपांसाठी कॉलेजच्या मागे जागासुद्धा करून ठेवली.

भाद्रपदात पावसानं ओढ दिली. आमचं जैनांचं दहा दिवसांचं उपासाचं पर्व चालू होतं. आईचं एक वेळ जेवण आणि पाणीही तेव्हाच, एकदाच. ऊन असं की खडकावर पाय ठेवला की चपलेतूनही चटका बसायचा. कॉलेजातून येताना मी माळावर डोकावायची. बुगडीची पानं मिटून खाली लोंबलेली. मला आज कळतं की कोरड्या दिवसांत ते झाड तसंच करतं, अंग चोरून बसतं. तेव्हा मला ती हात पसरलेली भिकारीण वाटली. मग हळूहळू पानं पिवळी पडायला लागली. नुकत्या दिसू लागलेल्या कळ्या खाली पडल्या. मी घाबरून मॅडमना बोलावलं.

त्यांनी बुंध्याशी बोटानं माती उकरली, नाकाशी नेली आणि आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "मुळं कुजायला लागलीत. पाणी कोण घालतंय?"

आप्पा आभाळाकडे बघू लागले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मी करवंदीच्या जाळीचा बारकाईनं अभ्यास सुरू केला. बॉटनीची विद्यार्थिनी ना. शेवटी तात्याच पुढे झाले. "आमचं कोण कशाला घालंल मॅडम? खालनं उमाळा फुटला आसंल."

"पाऊस नाही आणि उमाळा फुटला?"

"न्हाई, म्हंजे... खडकाचा काय भरवसा!"

मॅडम उठल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "असंच चाललं तर हे झाड दिवाळी बघणार नाही."

दुसऱ्या दिवशी, दिवस उगवल्यावर, मी माळावर गेले. चोर पकडायचा असं ठरवून. माझ्या हातात एक छोटा तांब्या होता, पण तो वेगळा विषय. मी घालत होते ते शास्त्रीय पाणी होतं. मापाचं. प्रयोगशाळेत शिकल्याप्रमाणे खोडापासून अंतर ठेवून, अगदी गोल. त्यानं काही होणं शक्य नव्हतं. नुकसान दुसऱ्या कुणाच्या तरी अडाणी पाण्यानं होत होतं, आणि तो दुसरा कोण ते मला बघायचं होतं. मी करवंदीच्या जाळीमागे बसले. थोड्या वेळानं पायवाटेवर पावलं वाजली. फडक्यानं तोंड झाकलेला पितळी तांब्या कमरेवर, आई.

"आई, तू?"

ती एवढी दचकली की फडकं भिजलं. मग माझ्या हाताकडे बघून सावरली. "मी म्हंजे... आणि तू काय तांब्या घेऊन तीर्थाला निघालीस व्हय?"

"मी मापानं घालतो!"

"मापानं घातलं तर झाडाला पाणी कळत न्हाई व्हय गं?" मग तिचा आवाज खाली आला. "बाई, मी दिसाचं एकदा पाणी पितो, तर जीव नुसता कासावीस हुतोय. माझा नेम हाय, मी सोसतो. त्या झाडानं कुठं नेम घेतलाय? एकेंद्रिय जीव त्यो. तहान लागली तर कुणाला सांगंल?"

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आप्पा वर आले, बस्तीतून थेट, सोवळ्यानं. हातात वाटी. आम्हाला पाहून वाटी पाठीमागे गेली.

"काय हाय ते?" आईनं विचारलं.

"पाणी न्हाई ते. गंधोदक हाय, अभिषेकाचं. थेंबभर."

"थेंबभराला एवढी मोठी वाटी?"

"रोजचा थेंब, म्हणून जरा..." आप्पांचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण खालून बादलीची कडी वाजली. तात्या. रात्रपाळी करून थेट आलेले, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हातात भरलेली बादली. वर येईपर्यंत त्यांचं लक्ष खाली होतं. आम्ही तिघं दिसल्यावर ते जागच्या जागी वळले.

"हिकडं ये," आप्पा म्हणाले. "तुला तर डोझर घालायचाय न्हवं?"

"घालीन की! शब्द हाय तुमचा." तात्यांनी बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "पर डोझर येगळा आणि हे येगळं. रोज पाळीवरनं येताना वाटंत दिसतंय. उभ्या उभ्या वाळाय लागलंय, बघवंना मला. जायचं तर जाऊ दे, उपाशी कशाला जायचं त्यानं? आणि हे पाणी न्हाई. शेणकाला हाय, खताचा."

मग आप्पा मटकन खडकावर बसले आणि हसायला लागले. सोवळं, गंधोदक, सगळं विसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईला हसू फुटलं, मला फुटलं, शेवटी तात्यांनाही. चोर पकडायला आलेल्या माझ्यासकट प्रत्येकाच्या हातात भांडं, आणि चौघांपैकी पाणी घालत होती ती फक्त आई. बाकीच्यांचं ते पाणीच नव्हतं. मग हसू ओसरलं आणि सगळ्यांच्या नजरा एकदमच बुगडीकडे गेल्या. बुंध्याशी आदल्या दिवसाचं डबकं साचून होतं, चौघांच्या मायेचं. पिवळं पान त्यात पडून तरंगत होतं.

आप्पांनी वाटी बाजूला, खडकावर ओतली. "आता ऐका. मॅडम म्हणत्यात काही करू नका. ते आपल्याला जमणार न्हाई, आपलं रक्तच तसलं न्हाई. पर पर्वात आपुन पालेभाजी सोडतो का न्हाई? कांदा सोडतो का न्हाई? तसं आजपासनं ह्या झाडाचं पाणी सोडायचं. नेम म्हणून. ज्यानं मोडला त्यानं बस्तीत येऊन सांगायचं."

आईनं तिथेच हात जोडले. हा तोडगा आप्पांना कसा सुचला, मला माहीत नाही. 'काही करू नका' ही आम्हाला शिक्षा वाटत होती. पण 'सोडा' म्हटल्यावर सगळ्यांचे खांदे सैल झाले. सोडायला आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या येतं. मॅडमना विचारून तात्यांनी पहारीनं उताराकडे एक लहानसा चर काढला, साचलेली ओल निघून गेली, आणि त्यानंतर त्या झाडापाशी भांडं घेऊन कुणी गेलं नाही. आई माळाच्या दिशेला पाठ करून भाकरी थापायची, एवढंच.

दिवाळी आली. पहाटे बस्तीत निर्वाणाचा लाडू चढवला, घरात अनारशांचा वास भरला, तात्या मुद्दाम मोठ्यानं रेडिओ लावून बसले. बुगडीवर फूल नव्हतं. अर्ध्याहून जास्त पानं गळालेली. मी रोज जात होते आणि रोज एकाच बाजूनं, पायवाटेकडून, बघून मान खाली घालून परत येत होते. मॅडमना काय तोंड दाखवू, हे दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या काटक्यांचं होतं. कानावर अडकवलेलं फूल माणूस विसरत नाही.

आणि ठरल्या दिवशी डोझर आला. माळाच्या पायथ्याशी उभा राहून नुसता धडधडत होता. सोप्यावरच्या पितळी भांड्यांना त्याचा हादरा कळत होता. आप्पा शब्दाचे पक्के. ते खाली मान घालून उंबऱ्यात बसले. तात्या म्हणाले, "मी वर जाऊन रेघ मारून येतो, कुठनं धरायचं ती," आणि फावडं घेऊन निघाले. आम्ही अंगणातून बघत राहिलो. ते वर पोचले. झाडाच्या पलीकडे, जिथे खडक खाली तुटतो, तिकडे गेले आणि दिसेनासे झाले. बराच वेळ दिसेनात. मग फावडं तिथेच टाकून ते उतारावरून जवळजवळ घसरतच खाली आले आणि आमच्याकडे न येता डोझरवाल्याकडे धावले.

"बंद कर रं! बंद कर गाडी!"

धडधड थांबली. तात्या आमच्याकडे वळून ओरडले. "बुगडी आलीया. मागल्या अंगाला, खडकाच्या पोटात. तकडं आपलं पाणीच पोचलं न्हवतं."

आम्ही धावलो. खडकाच्या फटीत शिरलेल्या फांदीवर, आमच्या कुणाच्याच तांब्याची, वाटीची, बादलीची नजर न पडलेल्या जागी, एक फूल उघडलं होतं आणि त्याच्या मागे कळ्या. खाली मान घातलेलं, पिवळं. आई खाली बसून पदरानं तोंड पुसत राहिली. आप्पा सगळ्यांत शेवटी वर आले, निवांत बघितलं आणि तात्यांकडे वळले.

"फूल धरलंय. बी कुठं धरलंय? शब्द तर बी धरायचा हुता."

"धरंल की!" तात्या उसळले. "एवढी काय घाई हाय? डोझर काय पळून चाललाय व्हय?"

आप्पांनी तोंड फिरवलं ते हसू लपवायला. डोझरवाला खाली गोंधळून उभा होता. आईनं वरूनच हाक मारली, "पावणं, आलाय तर हुग्गी खाऊन जावा!" तो बिचारा जेवून उठला तो भिंत धरून. पुढच्या दिवसांत त्यानं खालचा माळ सपाट केला, हे लपवून कशाला ठेवू. तिथे ऊस झाला, त्याच उसावर माझं शिक्षण आणि लग्न झालं. वरचा तुकडा राहिला.

फळं पिकायला लागली तेव्हा बी फुटून वाऱ्यावर जाऊ नये म्हणून मॅडम जाळीच्या पिशव्या आणणार होत्या. आईनं पाणी गाळायची जुनी, विरलेली फडकी कापून दिली. एकेका फळाला फडक्याचं टोपरं बांधून ते झाड महिनाभर बाळंतिणीसारखं बसलं होतं. पुढच्या पावसाळ्यात मॅडमनी त्या बियांपासून केलेली रोपं माळावरच्या फटींमध्ये लावली. बरीच गेली, काही राहिली, राहिलेल्यांनी आपलं आपण बी टाकलं. गवत जाळणं आम्ही त्या तुकड्यावर बंद केलं आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून दगडी गडगा घातला. दगड तात्यांनी रचले. आज ते नाहीत, पण गडगा आहे. माळावर उभं राहिलं की संध्याकाळी लांब कागलच्या एमआयडीसीचे दिवे दिसतात, आणि उन्हाळ्यात नवीन पाहुणे विचारतात, एवढं सरपण का साठवून ठेवलंय?

मी बॉटनीत जेमतेम पास झाले आणि बँकेत चिकटले. मॅडम निवृत्त झाल्या, तरी दिवाळीत येतात. आधी माळावर जातात, मग जेवतात. एवढं त्या शिकल्या.

आईही हट्टानं वर येते, हळूहळू, माझा दंड धरून. हातात फडकं बांधलेला तोच पितळी तांब्या असतोच. तो कशाला, विचारलं तर म्हणते, "रिकाम्या हातानं कसं जायचं त्याच्याकडं?" मोठ्या बुगडीसमोर ती खडकावर बसते, फडकं सोडते. एवढी वर्षं झाली तरी त्या वेळी माझा श्वास अडकतो. ती झाडाकडे बघत बघत, सावकाश, सगळं पाणी स्वतः पिते. मग तांब्या पालथा करून दाखवते, मला की झाडाला कोण जाणे.

"बघ," म्हणते, "न्हाई घातलं."